नाकात नळी म्हणजे व्हेंटिलेटर नव्हे

‘बाळाला मशीनवर ठेवलंय,’ एवढं कानावर आलं की एनआयसीयूबाहेर बसलेल्या आजीचा धीर सुटतो. चंदगडहून बेळगावला बाळ घेऊन आलेले घरचे तर रात्रीतच दुसरं हॉस्पिटल शोधायला निघतात. पण कमी दिवसांच्या बऱ्याच बाळांना आता आधी सीपॅप लावतात, आणि सीपॅप म्हणजे व्हेंटिलेटर नव्हे.

व्हेंटिलेटरसाठी बहुतेक वेळा थेट श्वासनलिकेत नळी घालावी लागते. सीपॅपवर श्वास बाळ स्वतःच घेतं. नाकपुड्यांत मऊ, आखूड नळ्या असतात किंवा नाकावर छोटा मास्क, आणि त्यातून गरम, ओलसर हवा हलक्या दाबाने सतत आत जात राहते.

हा दाब कशाला? नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जड जाते, आठवून बघा. फुप्फुसातल्या बारीक पिशव्या मिटू नयेत म्हणून आतून सर्फॅक्टंटचा थर असतो. साधारण 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळात तो बऱ्याचदा कमी पडतो, मग प्रत्येक श्वास पहिल्या फुंकरीएवढा जड. बाळ कण्हतं, नाकपुड्या फुगतात, बरगड्यांखाली खड्डा पडतो. 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं बाळ याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेलं. 1971 मध्ये डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांनी सतत दाबाचा उपाय 20 बाळांवर केला, त्यातली 16 वाचली. तेव्हा बहुतेकांना नळी श्वासनलिकेतच होती. नाकातली पद्धत नंतर रुळली.

बबल सीपॅपची युक्ती तर अगदी साधी. श्वास बाहेर नेणारी नळी पाण्यात बुडवतात. 5 सेंटिमीटर बुडवली की तेवढाच दाब. पाण्यात बुडबुडे येईनासे झाले तर बहुधा कुठेतरी हवा गळतेय. नर्सला लगेच सांगा, आपण हात लावू नका.

सगळ्यांचं यावर भागत नाही. श्वास वारंवार थांबू लागला किंवा ऑक्सिजन वाढवतच न्यावा लागला, तर सर्फॅक्टंटचं औषध द्यावं लागतं, कधी व्हेंटिलेटरही. तेव्हा ‘नको’ म्हणून अडून बसू नये.

आणखी एक. ऑक्सिजन जास्त झाला तर कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. म्हणून 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची आरओपी तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हायला हवी. डिस्चार्ज एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात, अशा वेळी नेमकी हीच राहून जाते. घरी निघण्याआधीच तारीख आणि ठिकाण कार्डावर लिहून घ्या.