संगणकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण : एम.एस्सी., एम.सी.ए. की एम.टेक.?

बी.एस्सी., बी.सी.ए. किंवा बी.ई. झालेल्या आपल्या मुलामुलींना पुढचे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एकच असते : "कॉम्प्युटरमध्ये मास्टर्स करायचे आहे." या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळे रस्ते आहेत. त्यांची प्रवेशद्वारे वेगळी आहेत आणि ते जिथे पोहोचवतात ती ठिकाणेही वेगळी आहेत. ज्या घरात आधी कोणी पदवीपर्यंत शिकलेले नाही, तिथे हा फरक सांगणारे कोणी नसते. मग मित्राने अर्ज भरला म्हणून आपणही भरला, असे होते आणि दोन वर्षांनी कळते की हव्या त्या नोकरीसाठी ही पदवी चालत नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील विद्यार्थी आणि पालक डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हा फरक येथे मांडत आहोत.

तीन पदव्या, तीन दारे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान विभाग आहे. तेथे संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान या विषयांत एम.एस्सी. करता येते, तसेच पीएच.डी.चे संशोधनही चालते. एम.एस्सी.चा प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रक्रियेतून होतो. या पदवीचा भर विषयाच्या पायावर आणि संशोधनावर असतो.

एम.सी.ए.चा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतो. त्यासाठी सामाईक परीक्षा द्यावी लागते. तीत गणित व संख्याशास्त्र, तर्क, इंग्रजी आकलन आणि संगणकाच्या मूलभूत संकल्पना यांवर प्रश्न असतात. पूर्वी तीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला. पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात, तर महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गासाठी ही अट ४५ टक्के आहे. बी.ए. किंवा बी.कॉम. झालेल्या, पण बारावीला किंवा पदवीला गणित घेतलेल्या विद्यार्थ्यालाही येथे वाट आहे. त्याला आरंभी पूरक विषय करावे लागतात. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी हे या पदवीचे मुख्य उद्दिष्ट आहे.

एम.टेक. ही अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी आहे. तिच्यासाठी मुख्य परीक्षा म्हणजे गेट. गेटचा गुणांक तीन वर्षे चालतो. अनुसूचित जातीच्या उमेदवारासाठी पात्रतेची रेषा सर्वसाधारण रेषेच्या दोन-तृतीयांश असते. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत एम.टेक.ला प्रवेश घेतला, तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्तीची तरतूद आहे. ही गोष्ट बी.ई. करणाऱ्या मुलांना तिसऱ्या वर्षातच कळायला हवी, कारण गेटची तयारी निकालानंतर सुरू करून जमत नाही.

ज्यांना शिकवण्याच्या क्षेत्रात जायचे आहे, त्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. विज्ञान महाविद्यालयात संगणकशास्त्राचा सहायक प्राध्यापक व्हायचे, तर पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुणांची अट असून अनुसूचित जातींना त्यात ५ टक्के सूट आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयात मात्र बी.ई. आणि एम.ई. किंवा एम.टेक. ही जोडी लागते. तेथे नुसती एम.एस्सी. पुरत नाही. ही एक ओळ आधी माहीत नसल्याने अनेकांची वर्षे वाया जातात.

दोन वर्षांत काय शिकवतात?

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची आहे. प्रत्येक सत्राला २२ श्रेयांक. मुख्य आणि ऐच्छिक विषयांबरोबर पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प, आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रांत संशोधन प्रकल्प असतो. पहिल्या वर्षानंतर काही कारणाने शिक्षण थांबवावे लागले, तर नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. घरच्या अडचणीमुळे मध्येच शिक्षण सुटलेल्यांच्या हाती पूर्वी काहीच उरत नसे. आता निदान एक कागद उरतो. तरीही पदविका म्हणजे पदवी नव्हे आणि नेटसाठी पदवीच लागते, हे विसरू नये.

अनेक पालक विचारतात, "सहा महिन्यांच्या क्लासमध्येही प्रोग्रॅमिंग शिकवतात. मग दोन वर्षे कशाला?" याचे उत्तर एका उदाहरणाने देतो. समजा, दहा लाख नावांच्या यादीत एक नाव शोधायचे आहे. पहिल्या नावापासून एकेक तपासत गेलो, तर सरासरी पाच लाख नावे पाहावी लागतील. यादी अकारविल्हे लावलेली असेल, तर मधले नाव पाहायचे. आपले नाव त्याच्या आधी येत असेल तर मागचा अर्धा भाग सोडायचा, नंतर येत असेल तर पुढचा. उरलेल्या भागात पुन्हा हेच करायचे. अशाने जास्तीत जास्त वीस वेळा पाहून काम होते. यंत्र तेच राहिले. विचार करण्याची रीत बदलली आणि लाखांचे काम विसावर आले. या रीतीला अल्गोरिदम म्हणतात आणि तिचा खर्च मोजणे हा पदव्युत्तर अभ्यासाचा गाभा आहे. कोणता प्रश्न वेगाने सुटतो, कोणता सुटायला फार वेळ लागतो आणि कोणता कोणत्याही प्रोग्रॅमने सुटूच शकत नाही, हेही येथे शिकतात. असे न सुटणारे प्रश्न असतात, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये गणिताने सिद्ध केले. तेव्हा आजचे संगणक अस्तित्वातही नव्हते.

क्लासमध्ये शिकवलेली प्रोग्रॅमिंगची भाषा पाच-दहा वर्षांत मागे पडू शकते, पण हा पाया मागे पडत नाही. म्हणून गणिताला घाबरू नका. ज्यांचे गणित कच्चे आहे, त्यांनी प्रवेशाआधीच्या सुट्टीत संच, तर्क, मॅट्रिक्स आणि संभाव्यता हे चार विषय पुन्हा वाचावेत.

आपल्या भाषेचे प्रश्न कोण सोडवणार?

"ज्ञान" हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. संगणक तो युनिकोडमध्ये पाच खुणांनी साठवतो : ज, हलन्त, ञ, काना आणि न. मराठीतील शोध, शुद्धलेखन तपासणी, छापील पानावरून मजकूर ओळखणे, बोललेले ऐकून लिहिणे, या सगळ्यांत अशा गुंतागुंती येतात. इंग्रजीसाठी केलेली साधने जशीच्या तशी येथे चालत नाहीत. आपल्या विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील संशोधकांनी मराठी वाणी ओळखणे, बायोमेट्रिक ओळख आणि उपग्रह प्रतिमांचा अभ्यास या विषयांवर शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत. म्हणजे हे काम परदेशातच होते असे नाही.

पाली वाङ्मयाचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९७ मध्ये छट्ठ संगायनातील पाली तिपिटक सीडीवर आणले. एकच पाठ देवनागरी, रोमन, सिंहली, म्यानमार अशा अनेक लिप्यांत वाचता येऊ लागला. लिपी बदलण्याचे ते काम प्रोग्रॅमने होते. पुढचे काम अजून बाकी आहे : पाली शब्दांची रूपे ओळखणारे साधन, मराठी अनुवादाशी ओळीला ओळ जोडणे, जुन्या छापील ग्रंथांची पाने शोधता येतील अशी करणे. आपल्या विद्यापीठात पाली व बौद्ध धर्म विभागही आहे आणि संगणकशास्त्र विभागही. दोन्हीकडच्या मार्गदर्शकांना भेटून एखाद्या विद्यार्थ्याने चौथ्या सत्राचा प्रकल्प यावर केला, तर त्याचे गुण त्याला मिळतील आणि त्याचा उपयोग समाजाला होईल.

पैसा आणि कागदपत्रे

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप योजना आहे. एम.सी.ए. किंवा एम.टेक.चा प्रवेश व्यवस्थापन कोट्यातून घेतला, तर हा लाभ मिळत नाही. एजंटच्या गोड बोलण्याला भुलण्याआधी हे लक्षात ठेवा.

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत अर्ज करावा. बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला भोजन, निवास आणि निर्वाहासाठी छत्रपती संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१,००० रुपये ठरवलेले आहेत. रक्कम हाती पडायला उशीर होतो. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांच्या खोलीची आणि मेसची सोय आधी करून ठेवावी.

कागदांत सर्वांत महत्त्वाचे जात वैधता प्रमाणपत्र. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे अनेक जुन्या नोंदी उर्दूत सापडतात आणि त्यांचे भाषांतर करून घ्यावे लागते. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जुने महसुली कागद आजच शोधायला घ्या. घरात काका, आत्या किंवा चुलत भावाची वैधता झाली असेल, तर त्याची प्रत मिळवा. गेट आणि नेटसाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला वेगळा लागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती लागू झाल्या आहेत. तेव्हा तो दाखला मागायला संकोच करू नका.

संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती आहे : पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये. बार्टीचीही पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती आहे, जिच्यासाठी विद्यार्थ्यांना वेळोवेळी आंदोलने करावी लागली आहेत.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले ते पदव्युत्तर शिक्षणासाठीच. पदवी घेऊन नोकरी धरणे तेव्हाही सोपे होते. त्यांचे नाव या विद्यापीठाला द्यावे, हा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, माणसे गेली. दरवर्षी १४ जानेवारीला आपण विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी गर्दी करतो, अभिवादन करतो. त्या दारातून आत जाऊन विभागांत, प्रयोगशाळांत, ग्रंथालयात आपली मुले किती बसतात, हेही आपण मोजले पाहिजे. यंदा आपल्या वस्तीत शेवटच्या वर्षाला कोण आहे, त्याची वैधता झाली का, त्याला गेट आणि सीईटीच्या तारखा माहीत आहेत का, एवढे विहारातल्या रविवारच्या बैठकीत विचारले तरी एखादी जागा वाया जायची वाचेल.