गुळवेल: काढ्यातून काचपात्रात

निंबाच्या किंवा आंब्याच्या झाडावर हृदयाकृती पानांनी पसरणारी गुळवेल मराठी कुटुंबांना महाराष्ट्राबाहेरही परकी वाटत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे तिला गिलोय म्हणतात, बडोद्यास गळो, बेळगावच्या कानडी शेजारात अमृतबळ्ळी आणि हैदराबादच्या तेलुगू बोलीत तिप्पतीगा. संस्कृतात तीच गुडूची किंवा अमृता. आयुर्वेदाने तिची गणना रसायनांत केली आहे. पण ती ‘शक्ती देते’ म्हणजे शरीरात नेमके काय घडवते, हे जाणण्यासाठी पेशींचीच साक्ष काढावी लागते.

ही साक्ष देणाऱ्या पेशींचा शोध तसा जुना आहे. १८८२ साली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात एक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला दिसला. परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या अशा पेशी आपल्या रक्तात व ऊतकांतही असतात. त्यांना भक्षकपेशी म्हणतात.

त्यांची परीक्षा घेण्याची रीत सोपी आहे. नळीत भक्षकपेशी व बुरशीच्या पेशी एकत्र ठेवतात. ठरावीक वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली किती भक्षकपेशींनी बुरशी गिळली आणि गिळलेल्या बुरशीपैकी किती मेली, याची मोजदाद करतात. औषध दिलेल्या व न दिलेल्या गटांतील फरक हाच पुरावा.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मार्गाने गुळवेलीचा दीर्घ अभ्यास केला. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रोग्यांच्या भक्षकपेशी दुबळ्या होतात व शस्त्रक्रियेच्या वेळी जंतुदोषाचे भय वाढते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ३० रोग्यांचे दोन गट केले होते. नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल मिळालेल्या गटातच भक्षकपेशींचे बळ पूर्ववत झाले. दुसऱ्या गटातील निम्म्या रोग्यांत रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणे दिसली. गुळवेलीच्या गटात एकातही नाही. निष्कर्ष आशादायक खरा, पण ३० ही संख्या लहानच होय.

पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या वेलीतून प्रतिकारपेशींना चेतवणारी एक बहुशर्करा वेगळी काढली. ती पेशीवरील ज्या ग्राहकाला चिकटून हे काम करते, तोच ग्राहक काही जंतूंच्या आवरणातील अंतर्विषही ओळखतो. येथे परीक्षकाने सावध राहिले पाहिजे. बागेतून तोडलेल्या खोडावर जंतू असतातच. त्यांचे अंतर्विष अर्कात उतरले, तर पेशी जंतूमुळे चेततात आणि श्रेय वेलीला मिळते. म्हणून अर्क अंतर्विषमुक्त असल्याची खात्री करणे, तसेच अंतर्विष निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन-बी घालून प्रयोग पुन्हा करून पाहणे आवश्यक ठरते.

शिवाय काचपात्रात अर्क थेट पेशीवर पडतो, तर काढा जठर, आतडी व यकृत यांतून जातो. पेशी चेतणे हेही सदैव हितकारक नसते. करोनाच्या साथीत गुळवेलीचा वापर वाढला, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा आक्षेप घेऊन गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एका वेलीकडे बोट दाखवले. २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशाच ४३ रोग्यांची नोंद केली. त्यांतील अनेकांत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटल्याची चिन्हे होती.

तेव्हा वेल ओळखीची, मात्रा ठरलेली आणि सल्ला जाणकार वैद्याचा वा डॉक्टरांचा असावा. यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीचा विकार असणाऱ्यांनी तर तिच्यापासून दूरच राहावे. औषध म्हणून ज्याचा गुण मान्य करायचा, त्याच्या दोषाचाही हिशेब ठेवावा लागतो.