शहाडच्या जमिनीत भूसंपर्काच्या रोधाचे मापन

यंत्राचे धातूचे आवरण जमिनीशी जोडले आहे, एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही. भूसंपर्काचा रोध 5 ओहम असून 230 व्होल्टची तार त्या आवरणास टेकली, तर रोहित्राकडील रोध उपेक्षणीय मानूनही जमिनीत 46 अँपिअर एवढाच प्रवाह जाईल. 60 अँपिअरची वितळतार शाबूत राहील आणि आवरणास हात लावणारा मनुष्य जवळजवळ संपूर्ण दाबाच्या कक्षेत येईल. हा रोध किती, हे म्हणूनच नेमके कळले पाहिजे.

कारखान्यांतून ज्याला अर्थ टेस्टर म्हणतात, त्या यंत्राने मापन करताना पुरलेल्या भूअग्रापासून अ अंतरावर प्रवाहखुंटी ठोकतात व त्याच ओळीत क अंतरावर दाबखुंटी. दोन्ही अग्रे अर्धगोलाकार व जमीन समांग मानल्यास क² + अक = अ² ही अट पूर्ण होते तेथेच खरा रोध मिळतो; अर्थात क = 0.618 अ. प्रसिद्ध 62 टक्क्यांचा नियम तो हाच. त्याचा उच्चार सर्वत्र होतो, परंतु त्यामागील समांग जमिनीच्या गृहीतकाचा सहसा विसर पडतो.

शहाडला ते गृहीतक टिकत नाही. उल्हास नदीकाठी वर गाळाची माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली बसाल्टचा कातळ आहे. ओल्या मातीची रोधकता अल्प, कातळाची अनेक पटींनी अधिक. अशा थरांच्या जमिनीत योग्य बिंदू 62 टक्क्यांवरच सापडेल याची शाश्वती नसते. यास्तव एका वाचनावर न विसंबता, अ 50 मीटर असल्यास दाबखुंटी 26, 31 व 36 मीटरवर ठोकून तीन वाचने घ्यावीत. ती परस्परांशी जुळली नाहीत, तर दोन अग्रांची प्रभावक्षेत्रे एकमेकांत शिरली आहेत असे समजून अ वाढवावे. विस्तीर्ण जाळीच्या भूसंपर्कास 50 मीटर मुळीच पुरत नाहीत.

जुळणारी वाचनेही फसवू शकतात. औद्योगिक परिसरात पुरलेला लोखंडी नळ खुंट्यांच्या ओळीस समांतर असेल, तर आलेख खोटाच सपाट येतो. ओळ काटकोनात वळवून पुन्हा मोजल्यास हे उघडकीस येते. शहाड स्थानकावरून जाणाऱ्या लोहमार्गाचा 25,000 व्होल्टचा पुरवठा 50 हर्ट्झचा आहे आणि त्याचा परतीचा प्रवाह रुळांतून व अंशतः जमिनीतून वाहतो. यंत्राची वारंवारता 50 व तिच्या पटींपासून भिन्न हवी, ती याचकरिता.

जोडपट्टी न सोडता घेतलेल्या वाचनात इतर भूअग्रांचा समांतर रोध मिसळतो. मात्र पुरवठा चालू असता ती सोडणे प्राणघातक आहे. आधी पुरवठा बंद करावयाचा, मग पट्टीस हात लावावयाचा. मोजणी मे महिन्यात, जमीन कोरडी असता करावी. ऑगस्टमध्ये मिळणारा समाधानकारक आकडा मातीतील पावसाच्या पाण्याचाही असतो. नोंदवहीत ओहमच्या आकड्याशेजारी दिनांक, अ, तिन्ही वाचने, ओळीची दिशा आणि जमिनीची ओल लिहिली, तरच पुढील वर्षीच्या वाचनाशी त्याची तुलना करता येते.