गाडी उभी, तारीख चालू

पुढची दोन चाकं रोलरवर चढली की तपासनीस ब्रेक हळूहळू दाबत जातो. नजर असते आकड्यांवर : डाव्या चाकाचा जोर किती, उजव्याचा किती. दोन्हींत फार तफावत असेल, तर ऐन वेळी ब्रेक लावल्यावर गाडी एका अंगाला ओढणार. मग मागची चाकं, मग हँडब्रेक. हे सगळं ग्राहकाला बसून बघता येतं. ब्रिटनमधल्या एमओटी, म्हणजे गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीच्या केंद्रांना तशी जागा ठेवावीच लागते. बघायची मुभा आहे, मध्ये बोलायची नाही.

१९६० मध्ये ही तपासणी सुरू झाली, तेव्हा ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती होती. १९६७ पासून ती तीन वर्षांवर आली. उत्तर आयर्लंड सोडलं तर आजही तोच नियम आहे : गाडीला तीन वर्षं झाली की एमओटी, आणि पुढे दर वर्षी. कारसाठी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेता येतात.

रॅम्पवर गाडी वर गेली की खरी पाहणी सुरू होते. तपासनीस चाक दोन्ही हातांनी धरून हलवतो, सांध्यांत ढिलेपणा आहे का ते पाहतो. सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे पत्र्याला जोडलेले असतात, त्याच्या आसपास ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झालेला चालत नाही. टायरच्या मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. चालकाच्या डोळ्यांसमोरच्या पट्ट्यात काचेवरचा टवका १० मिलिमीटरपेक्षा मोठा असला की गाडी नापास. क्लच आणि गिअरबॉक्स कसे आहेत, हे मात्र यात कोणी विचारत नाही. गाडी रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवावर उठणार नाही ना, एवढंच बघायचं.

डिसेंबरात भारतात जायचं ठरलं की तिकिटांच्या पाठोपाठ मी एमओटीची तारीख बघतो. इथे एक सोय आहे. मुदत संपायच्या आधीच्या एका महिन्यात, म्हणजे नेमकं सांगायचं तर एक दिवस कमी महिनाभरात, तपासणी केली तर पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. मुदत १० जानेवारीला संपत असेल, तर ११ डिसेंबरपासून पुढे कधीही जा. एक दिवसही बुडत नाही. विमान त्याआधीचं असेल, तर नोव्हेंबरातही तपासणी करता येते, फक्त पुढची तारीख मागे सरकते. थोडे दिवस गेले तर गेले. आधी जाऊन गाडी नापास झाली तर जुनी एमओटी लगेच रद्द होत नाही. पण दोष ‘धोकादायक’ या वर्गातला निघाला, तर दुरुस्तीशिवाय गाडी चालवता येत नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशीची वेळ घेऊ नये. पार्ट मागवायला आणि फेरतपासणीला सवड हवी.

मुक्काम लांबला, आईवडिलांच्या आजारपणात सहा महिने निघाले, तर तारीख मागेच उलटून जाते. उलटली म्हणून लगेच दंड होत नाही. पण एमओटी नसलेली गाडी रस्त्यावर नुसती उभी करणंही नियमात बसत नाही आणि एमओटीशिवाय रोड टॅक्सही भरता येत नाही. घरापुढे स्वतःची जागा असेल, तर ‘सॉर्न’ जाहीर करून गाडी रस्त्यावर नाही असं कळवता येतं. टॅक्सचे उरलेले पूर्ण महिने परत मिळतात. ओळीतल्या घरांत राहणाऱ्यांची गाडी मात्र रस्त्यालाच लागते. त्यांना मित्राचा ड्राइव्हवे शोधावा लागतो.

एवढं केलं की कागद सुरक्षित. गाडी नाही. इंग्लंडच्या ओल्या हिवाळ्यात आठवडाभरातच ब्रेकच्या डिस्कवर तांबूस थर चढतो, महिन्यांनी तो खोल जातो. ओढून ठेवलेला हँडब्रेक तिथेच धरून बसतो, बॅटरी उतरते, वायपरचं रबर काचेला चिकटतं. म्हणून जाणती माणसं सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवतात, चाकांना उटी लावतात, हँडब्रेक सोडतात आणि टायरमध्ये हवा भरून जातात. जाताना फरक न दाखवणारी दोन चाकं परतल्यावर रोलरवर वेगळे आकडे दाखवू शकतात, ती या गंजापायी.

परत आल्यावर एमओटी संपलेली असेल, तर आधी ठरवून घेतलेल्या तपासणीला गाडी न्यायची परवानगी असते. वाटेत किराणा घ्यायला वळायचं नाही. त्यासाठी विमाही चालू हवा. सॉर्न केल्यावर अनेक जण विमा बंद करतात आणि परतल्यावर नेमका तोच राहून जातो. केंद्राची वेळ मी इकडून निघण्यापूर्वीच, परतीच्या तिकिटाची तारीख धरून घेतो. प्रवासाचा शीण उतरायला दोन दिवस, बॅटरी चार्ज करायला एक, मग तपासणी. वाटेत पोलिसांनी थांबवलं, तर दाखवायला त्या वेळेची पावती जवळ असते, आणि त्या दिवशी दुसरं काही दाखवून भागत नाही.