गाडीतलं सिम कुणाशी बोलतं?

नव्या गाडीची डिलिव्हरी घेताना शोरूममधला माणूस आपल्या मोबाइलवर एक ॲप उतरवून देतो, दोन-तीन ठिकाणी ‘मान्य आहे’वर बोट ठेवायला लावतो आणि घरी बसून एसी कसा सुरू करायचा ते दाखवतो. हार-पेढ्यांच्या गडबडीत आपण नेमकं काय मान्य केलं, हे विचारायचं राहून जातं. २०१९ मध्ये भारतात ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर आल्या, तेव्हापासून ‘कनेक्टेड कार’ हा शब्द आपल्याकडे रुळला. त्याबरोबर बरेच गैरसमजही रुळले.

‘कनेक्टेड गाडी म्हणजे आपोआप चालणारी गाडी.’

या दोन गोष्टींचा थेट संबंध नाही. पुढच्या वाहनाचं अंतर ओळखून ब्रेक लावणारी यंत्रणा गाडीतल्याच कॅमेऱ्यावर आणि रडारवर चालते. घाटात मोबाइलची रेंज गेली तरी ती बंद पडत नाही. कनेक्टेड म्हणजे एवढंच, की गाडीत कायमचं बसवलेलं एक सिम आहे आणि त्यावरून ती कंपनीच्या सर्व्हरशी बोलते.

‘जीपीएस आहे, म्हणून गाडी कुठे आहे ते कंपनीला कळतं.’

जीपीएस फक्त ऐकतं. उपग्रहांकडून आलेल्या संकेतांवरून ते गाडीचं ठिकाण काढतं. बाहेर काहीच पाठवत नाही. ठिकाण बाहेर जातं ते सिममुळे. फास्टॅगबद्दलही असाच समज आहे. त्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरी अंगावर आल्या, की तेवढ्यापुरता तो आपला क्रमांक सांगतो. दोन नाक्यांच्या मधे तो मुकाच असतो.

सतत ठिकाण कळवणारं उपकरण सक्तीचं आहे ते प्रवासी वाहतुकीसाठी. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या टॅक्सी आणि बसगाड्यांना ठिकाण कळवणारं यंत्र आणि आणीबाणीचं बटण बंधनकारक झालं. त्यासाठीचं ‘एआयएस-१४०’ हे मानक पुण्याच्या एआरएआय संस्थेने प्रसिद्ध केलेलं आहे. टॅक्सीत बसल्यावर ते लाल बटण कुठे आहे, हे आधी पाहून ठेवा.

‘हॅकर कुणाचीही गाडी भर रस्त्यात थांबवू शकतो.’

ही भीती २०१५ च्या एका खऱ्या प्रयोगातून आली. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी घरात बसून महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीची शक्ती चाकांपर्यंत पोचणं बंद केलं. गाडीत एक पत्रकार होता आणि त्याची या प्रयोगाला संमती होती. ते शिरले मनोरंजनाच्या स्क्रीनमधून, मोबाइल नेटवर्कवरून. तिथून इंजिन-ब्रेकपर्यंत वाट मिळाली, कारण गाडीतले भाग एकमेकांशी ज्या ‘कॅन’ जाळ्यावर बोलतात ते बॉशने १९८६ मध्ये आणलं, इंटरनेट गाडीत येण्याच्या कितीतरी आधी. संदेश नक्की कोणी पाठवला हे तपासायची सोय त्यात नव्हती. जीप बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकेत १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी मागे बोलावल्या.

पण त्या दोघांनी एकाच गाडीच्या रचनेवर दीर्घकाळ अभ्यास केला होता, हे त्या बातमीबरोबर आपल्यापर्यंत पोचलं नाही. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत वाहनांच्या सायबर सुरक्षेचा नियम आला आणि जुलै २०२४ पासून युरोपात सर्व नव्या गाड्यांना तो लागू आहे. आज जास्त भगदाडं सापडतात ती कंपन्यांच्या वेबसाइटमध्ये. २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की अमेरिकेत किआच्या अनेक गाड्यांची दारं निव्वळ नंबरप्लेटवरून, अर्ध्या मिनिटात उघडता येत होती. कंपनीने ती चूक नंतर दुरुस्त केली.

‘मी कुठे जातो, कसा जातो, याचं कुणाला काय पडलंय?’

मला सगळ्यात घातक वाटतो तो हा समज. हॅकिंग बेकायदा आहे. इथे मात्र जे घडलं ते आपणच ‘मान्य आहे’ म्हटल्यावर घडलं.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने एका शेव्हरोले बोल्ट चालकाची हकीकत छापली. त्याच्या विम्याचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला होता. कारण शोधताना त्याने लेक्सिसनेक्सिस या माहिती विकणाऱ्या कंपनीकडून स्वतःबद्दलचा अहवाल मागवला. तो २५८ पानांचा निघाला. सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्या त्यात होत्या: निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, अंतर, कुठल्या फेरीत जोरात ब्रेक दाबला, कुठल्या फेरीत वेग वाढवला. ही माहिती गाडीची उत्पादक जनरल मोटर्सकडून गेली होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये कंपनीवर कारवाई केली. काही गाड्यांचं ठिकाण दर तीन सेकंदांनी नोंदलं जात होतं, असं आयोगाचं म्हणणं. अशी माहिती ग्राहक-अहवाल बनवणाऱ्या कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी आली.

ही एकाच कंपनीची गोष्ट नाही. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ मोटार ब्रँडची गोपनीयता तपासली. एकही उत्तीर्ण झाला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडवर उघडी पडलेली आढळली.

आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक तरतुदी पाळायला कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली आहे. तोवर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन वाहनचालनाची माहिती ‘शेअर’ करण्याचा पर्याय चालू आहे का, हे आपणच पाहायचं.

‘गाडी विकली, नावावर करून दिली, विषय संपला.’

आरटीओत नाव बदललं म्हणून ॲपमधलं नाव बदलत नाही. ॲपवर जुनंच खातं राहिलं, तर आधीच्या मालकाला गाडी कुठे उभी आहे ते दिसू शकतं, दारंही उघडता येऊ शकतात. स्क्रीनमध्ये फोनबुक आणि घराचा पत्ता राहतो तो वेगळाच. म्हणून गाडी विकताना ॲपमधून ती काढून टाका आणि स्क्रीनची फॅक्टरी रीसेट करा. सेकंड हँड घेत असाल, तर किल्ली हातात घेण्यापूर्वी हे दोन्ही विकणाऱ्याकडून स्वतःसमोर करून घ्या.