स्वयंभरणी शॉटगनमधील बिघाड : घर्षणकड्याचे कार्य

जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकास १९०० मध्ये ज्या स्वयंभरणी शॉटगनचे पेटंट मिळाले, ती पुढे ‘ऑटो-५’ या नावाने ख्यातनाम झाली. बार उडताच तिची नळी व बोल्ट एकत्र मागे सरकतात. नंतर नळी आधी पुढे परतते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि पुढे येणारा बोल्ट नवे काडतूस भरतो.

मागची धाव अपुरी पडल्यास काडतूस अडकते. अशा वेळी सुटे भाग बदलण्यापूर्वी बंदूक पूर्ण रिकामी करून नळीखालचा लाकडी भाग काढावा व घर्षणकड्याची मांडणी तपासावी. जड काडतुसांसाठी पोलादी कडे स्प्रिंग व ब्राँझचा घर्षणतुकडा यांच्यामध्ये असते. हलक्या काडतुसांसाठी ते स्प्रिंगच्या मागे ठेवतात. जड मांडणीत हलके काडतूस वापरल्यास घर्षण अधिक होऊन धाव अपुरी राहते. मॅगझिनच्या नळीवरील गंज व चिकटलेले जुने तेलही हाच परिणाम घडविते.

मात्र भरपूर तेल घालणे हा उपाय नव्हे. त्याने काडतूस सुटते, परंतु घर्षण घटल्याने प्रत्येक बाराचा आघात बंदुकीच्या सांगाड्यावर बसतो व लाकडी भागास तडे जातात. तात्पर्य, बिघाडाचे मूळ घर्षणाच्या समतोलात शोधणेच श्रेयस्कर ठरते.