ही गाडी आमची नव्हे

पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडी, बंद पडून मार्च 2025 मध्ये पाच वर्षं झाली. टाळेबंदीत सगळ्याच गाड्या थांबल्या; बाकीच्या बहुतेक पुन्हा सुटल्या, पीजे मात्र थांबली ती थांबलीच. त्यानिमित्तानं आलेली एक बातमी याच मार्गावरच्या शेंदुर्णीच्या माझ्या मावसभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. मजकूर बरा होता. 56 किलोमीटरचा मार्ग, एकेकाळची गर्दी, बोदवडपर्यंत वाढवून होऊ घातलेलं 84 किलोमीटरचं ब्रॉडगेज, सगळं जागच्या जागी. वर फोटो मात्र दार्जिलिंगचा. सूचिपर्णी झाडं, धुकं, निळं वाफेचं इंजिन आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘संग्रहित छायाचित्र’. भावानं खाली एवढंच लिहिलं होतं, ‘भाऊ, हाई आपली गाडी नही शे.’

नव्हतीच. दार्जिलिंगच्या रुळांतलं अंतर दोन फूट, पीजेच्या अडीच फूट. पण ते सहा इंच सोडून द्या. पीजेच्या वाटेवर, वरखेडी-पहूरकडे मार्चमध्ये धुकं कोणी पाहिलंय? पाच वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या पुण्यतिथीला दुसऱ्याच कुणाची तसबीर हार घालून ठेवावी, तसं ते वाटलं.

मी जळगावात उपसंपादकी करून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे हे दुखणं जुनं आहे आणि त्यात माझाही वाटा आहे. खान्देशच्या रेल्वेचा इतिहास इथे उगाळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या साठीत भुसावळला रूळ पोचले, 1900 च्या सुमारास चाळीसगाव-धुळे आणि सुरतेहून तापीकाठची लाइन आली, एवढं पुरे. खिळ्यांच्या छपाईचा काळही सोडून देतो. तेव्हा फोटोला जस्ताचा ब्लॉक लागे, म्हणून पुढाऱ्यांचे ब्लॉक खणात जपून ठेवत आणि तेच वर्षानुवर्षं छापत. रेल्वेच्या नशिबी ब्लॉक नसे. चुकीचा फोटो छापायची सोयच नव्हती.

माझा काळ नव्वदीचा. ऑफसेट आलेला, पण रंग यायचे होते. आमच्याकडे पगारी छायाचित्रकार एकच. त्याच्याकडे ‘इंदू’चा कृष्णधवल रोल, छत्तीस फोटोंचा, आणि तो तीन दिवस पुरवायचा असा दंडक. त्यामुळे तो फुकट बटण दाबत नसे. भुसावळचा वार्ताहर रोल पाकिटात घालून पॅसेंजरच्या गार्डाकडे द्यायचा. आमचा शिपाई जळगावच्या फलाटावर हात पुढे करून उभा. धुळ्याचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडून यायचं. पारोळ्याजवळ बस पंक्चर झाली की धुळ्याच्या पानावर फोटोची जागा मोकळी राही आणि तिथे रात्री दहा वाजता आम्ही एखादं सुभाषित टाकायचो. त्या काळात धुळेकरांना फार सुभाषितं वाचावी लागली.

त्या वर्षांतला एक दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. केळीच्या वॅगनी मिळत नाहीत, माल शेतात पडून आहे, अशी बातमी होती. ती दर वर्षी असायची. मी जुना फोटो लावायला निघालो, तर छायाचित्रकार म्हणाला, ‘थांबा, जाऊन येतो.’ रात्रीच्या पॅसेंजरनं सावद्याला गेला, पहाटे यार्डात उभा राहिला. त्यानं आणलेल्या फोटोत वॅगन जेमतेम दिसत होती. दिसत होते ते घड रचणाऱ्या हमालाचे दोन हात, केळीच्या चिकानं कोपरापर्यंत काळे पडलेले. चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही हे खान्देशात पोराबाळांना ठाऊक. तो हातावर वर्षानुवर्षं साचला की कसा दिसतो, हे त्या दिवशी जळगावच्या बंगल्यांतल्या बागायतदारांनीही पाहिलं असेल. तीन कॉलम छापला. फोटोओळीत मी फक्त ‘सावदा, बुधवार पहाट’ लिहिलं. तिथे कुणीतरी गेला होता, हे सांगायला त्याहून जास्त लागत नव्हतं.

आणि आता माझा गुन्हा. धुळ्याच्या गाडीला उशीर होतो अशी साधी बातमी होती. बोरविहीर, शिरूड, राजमाने असं रखडत चाळीसगावला पोचेपर्यंत पुढची गाडी निघून जाते, वगैरे. फोटो आला नव्हता. मी खणातला भुसावळ यार्डाचा एक काढला आणि लावून टाकला. गाडी ती गाडी. तिसऱ्या दिवशी चाळीसगावचे एक निवृत्त गार्ड कात्रण घेऊन कचेरीत आले. धोतर, टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि फोटोत डब्यांच्या वर बोट टेकवलं.

‘साहेब, ही तार कुठून आणली?’

मुख्य मार्गावर विजेची इंजिनं साठच्या दशकाअखेरीपासूनची. धुळ्याच्या फाट्यावर तेव्हा डिझेल धावत होतं. वरची तार यायला अजून वीसहून अधिक वर्षं होती. मी चूक कबूल केली, चहा मागवला. ते चहा घेईनात. म्हणाले, ‘हयात त्या लाइनीवर गेली माझी. तुम्ही एका फोटोत तार ओढून मोकळे झालात. आमची गाडी खरंच विजेवर आली, तर कोण विश्वास ठेवेल?’

तेव्हापासून रेल्वेच्या फोटोत मी आधी आभाळ बघतो.

भुसावळ ज्या विभागाचं मुख्यालय आहे, तिथल्या वाचकाला फसवणं मुळातच कठीण. घरटी एक माणूस रेल्वेत. बातमीतला आकडा चुकला तर तो माफ करतो, इंजिन चुकलं तर पोस्टकार्ड पाठवतो. ‘गाडी तीच, पण डबे उलट दिशेनं लागलेत’ अशीही कार्डं आली आहेत. निगेटिव्ह उलटी छापली गेली होती, हे त्या कार्डामुळे आम्हाला कळलं.

पुढे शतक बदललं. रंगीत पानं आली, संगणक आले, डिजिटल कॅमेरे आले. या वर्षांत माझं मन रमत नाही, म्हणून एकच गोष्ट सांगतो. आमच्या एका वरिष्ठांनी (नाव घेत नाही, ते पुण्यात सुखात आहेत) कचेरी नव्या जागेत नेताना निगेटिव्हची कपाटं काढायला सांगितली. मी विरोध केला तर म्हणाले, ‘इंटरनेटवर हवी ती गाडी मिळते. वाचक काय डबे मोजत बसतो?’ भुसावळचा वाचक मोजतो, हे मी सांगून पाहिलं. ते हसले. रद्दीवाला पाकिटं घेऊन गेला. फिल्ममधली चांदी काढणारा वेगळा आला होता, त्यानं उरलेली नेली. सावद्याचे ते हात त्यातच गेले. छायाचित्रकारानं पुढे लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली.

त्यानंतर आमच्या रेल्वेनं जग पाहिलं. पिंप्राळा गेटवर तासन्‌तास वाहनं अडकतात या बातमीवरच्या फोटोत गेटापुढे मोटारी उभ्या, स्टिअरिंग सगळ्यांची डाव्या बाजूला. जळगाव स्थानकातल्या दिवाळीच्या गर्दीत मागच्या पिवळ्या पाटीवर बंगाली अक्षरं. केळीच्या गाडीवर पिवळीधमक पिकलेली फणी. रावेर-सावद्याहून दिल्लीला माल हिरवाच चढवतात. पिकलेला चढवला तर तिकडे शिकरण उतरवून घ्यावी लागेल. 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं धुळ्यावरून जाणारा मनमाड-इंदूर मार्ग मंजूर केला. 309 किलोमीटर, 18,036 कोटी, 30 नवी स्थानकं. धुळेकरांच्या कित्येक निवडणुका त्या एका मागणीवर गेलेल्या. माझ्या हातात पडलेल्या बातमीवर पुलावरून वळण घेणारी वंदे भारत, खाली कोकणातली नारळाची झाडं. ज्या मार्गाचा रूळच तेव्हा पडला नव्हता त्याचा फोटो आणायचा कुठून, हा प्रश्न रास्त आहे. पण मग न लावावा. आग्रा रोडवर उभं राहून लळिंगच्या किल्ल्याचा काढावा. नकाशा छापावा.

पान लावणाऱ्या पोराला मी दोष देत नाही. तो दोनशे किलोमीटरवरच्या शहरात बसून पाच जिल्ह्यांची पानं लावतो. पडद्यावर फोटोचा रकाना रिकामा असेल तर बातमी पुढेच सरकत नाही. तो ‘ट्रेन’ लिहितो, पहिली दिसेल ती उचलतो. पाचोऱ्याला कोण जाणार? पूर्वीचा वार्ताहर आता जाहिराती आणतो.

या सगळ्यावर मी हसत होतो. 22 जानेवारी 2025 ला हसू गेलं. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या परधाडे-माहेजीजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची हाकाटी झाली, कुणी साखळी ओढली, लोक शेजारच्या रुळावर उतरले आणि त्याच रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. बारा-तेरा माणसं गेली. त्या रात्री माझ्या फोनवर आलेल्या एका बातमीत अख्खा डबा पेटलेला. खिडक्यांतून ज्वाळा, वर काळा लोट, कुठल्या तरी जुन्या अपघातातला. पुष्पक जळाली नव्हती. माणसं अफवेनं मेली होती, आणि त्या फोटोनं अफवेला पुरावा दिला. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला मी परवा विचारलं. तो आजही म्हणतो, ‘गाडी पेटली होती ना, फोटो होता की.’

तर पीजे. भावाचा निरोप आल्यावर मी माळ्यावरची पेटी उघडली. रद्दीवाल्याच्या आधी मी एक प्रिंट उचलून आणली होती, तेवढीच. शेंदुर्णी स्थानक, बाजाराचा दिवस. प्रिंटचा मोबाइलनं फोटो काढून ज्यांनी बातमी दिली त्यांना पाठवला, सोबत नम्रपणे लिहिलं, हवा तर वापरा, नाव नको. अर्ध्या तासात उत्तर आलं. पोरगा सभ्य होता.

‘सर, थँक्स. पण यात ट्रेन दिसत नाहीये. माणसंच दिसतात.’

खरं होतं. टपावर माणसं, दारात माणसं, दोन डब्यांच्या मध्ये पाय अडकवून बसलेली माणसं, एका म्हातारीच्या डोक्यावर कोंबड्यांची पाटी. गाडी त्यांच्या खाली कुठेतरी होती. इंजिनाचा एक कोपरा आणि अडीच फुटांतला एक रूळ दिसतो, बोट ठेवून दाखवला तर.

दुसऱ्या दिवशी दार्जिलिंग काढून त्या जागी माथेरान लावलं होतं. प्रिंट मी परत पेटीत ठेवली. मागे शिसपेन्सिलीनं छायाचित्रकाराचं अक्षर आहे: ‘शेंदुर्णी, पीजे, 2 कॉलम. टपावरच्यांना कापू नये.’